जात्यावर बसलेल्या बाईचा विचार

प्रवरेकाठचं नेवासे मराठी माणसाला माहीत आहे ते एका खांबामुळे. त्या खांबाशी बसून ज्ञानदेवांनी गीतेचं निरूपण केलं आणि शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, असं परंपरा सांगते. याच नेवाशात 1954 ते 1956 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं. जुन्या टेकाडात खाली खाली जाताना सातवाहन काळाच्या थरात त्यांना फिरत्या जात्यांच्या दगडी तळ्या मिळाल्या. त्याच्याही आधी, ताम्रपाषाण युगात, पुण्याजवळच्या इनामगावची माणसं धान्य भरडत ती खोलगट दगडी पाट्यावर पुढे-मागे घासून. गोल फिरणारं जातं दख्खनेत रुळलं त्याला साधारण दोन हजार वर्षं झाली.

ग्रंथ आणि जातं एकाच गावात सापडावं हा योगायोग म्हणता येईल. पण या दोहोंमध्ये आणखी एक दुवा आहे आणि तो योगायोगाचा नाही. तो म्हणजे ओवी.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाचं जेवण, हत्ती-घोड्यांची पारख, वास्तू, चित्रकला, संगीत असं अफाट काही त्यात आहे. गाण्याच्या प्रकारांची माहिती देताना राजा नोंदवून ठेवतो, की महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरीच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची ही नोंद. मराठी भाषेतला मोठा तत्त्वग्रंथ लिहायला ज्ञानदेवांनी जो छंद हाती घेतला, तो उखळा-जात्यापाशी आधीच घडून तयार होता. ग्रंथात शिरताना ओवी बदलली, साडेतीन चरणांची झाली, यमकांची शिस्त पाळू लागली. घरातली ओवी मात्र आपल्या दोन ओळींवर राहिली आणि पुढची आठशे वर्षं कुणाच्या परवानगीवाचून चालत राहिली. त्याच तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेने 'धवळे' रचले, तेही बायकांच्या लग्नगीतांच्या वळणाचे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे सगळं आपण शाळेतच शिकतो. पण ज्या बायकांनी ही मापं घडवली त्या विचार करत होत्या, नुसतं गुणगुणत नव्हत्या, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही.

हा विचार पहाटेच का व्हायचा याला साधं, स्वयंपाकघरातलं कारण होतं. बाजरीचं पीठ टिकत नाही, थोड्याच दिवसांत कडू होतं. ज्वारीचं पीठ शिळं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना तिला चिरा पडतात. त्यामुळे देशावरच्या घरात आठवड्याचं पीठ एकदम दळून ठेवायची सोय नव्हती. ज्या दिवशीची भाकरी त्या दिवशीचं दळण. सूर्य वर आला की पाणी, शेण, शेत, पोरं. म्हणून कोंबडा आरवायच्या आत, शुक्राची चांदणी वर असताना, जात्याला हात लागायचा. कोकण-मावळात भाताचं कांडण, नाचणीचं दळण. वेळ तीच.

जातं दोन तळ्यांचं. खालची जमिनीत घट्ट बसवलेली, वरची खिळ्याभोवती फिरणारी. वरच्या तळीला लाकडी खुंटा आणि मधोमध तोंड. दोघी जणी समोरासमोर बसायच्या, एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्यावर हातावर हात. मोकळ्या हाताने एकीने सुपातली मूठभर वैरण तोंडात सोडायची. वैरण जास्त पडली तर पीठ भरड येतं, कमी पडली तर दगडाला दगड घासून पिठात कच उतरते. ही मूठ हाताला कळायला वर्षं जायची. तळ्या गुळगुळीत झाल्या, दाणा सरकू लागला, की टाकी लावणारे गावात हाक देत यायचे, छिन्नीने तळीवर बारीक खाचा पाडायचे आणि जातं पुन्हा धारेला लागायचं. एकटीला ओढायला ते जड. म्हणून जावा-जावा, नणंद-भावजय, कधी सासू-सून एकत्र बसत. एकीने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. दिवसा जिच्याशी धड बोलणं नाही तिच्याच सुरात सूर मिळवावा लागे, कारण जातं एका लयीत फिरलं नाही तर खांदा भरून येतो.

पुरुष झोपलेले, पोरं झोपलेली. दिवसातला हा एकच वेळ असा, की बाईच्या तोंडातून निघालेलं वाक्य कुणी मध्येच तोडत नसे. घरघर इतकी, की पलीकडच्या खोलीत शब्द कळू नये. सासरच्या घरात उघडपणे बोलता न येणारं इथे बोलता येई, आणि ते देवाच्या नावाने सुरू होई म्हणून कुणाला हटकताही येत नसे.

ओव्यांना क्रम असे. पहिल्या काही ओव्या मोजून देवांच्या, मग आई-बापाच्या, मग भावाच्या. भावाच्या ओव्या अमाप आहेत. तो न्यायला येतो, येत नाही, आला तर भावजयीला रुचत नाही. आई गेल्यावर माहेर कसं हळूहळू परकं होतं, हे या ओव्यांत ज्या बारकाईने येतं तितकं मराठी कादंबरीत क्वचित सापडेल. तिथे हुंदका कमी आणि निरीक्षण जास्त आहे. ताटात काय वाढलं, चोळीचं कापड कोणतं दिलं, निरोप देताना कोण उंबऱ्यापर्यंत आलं आणि कोण आतच थांबलं, यावरून नात्याचं माप काढलेलं असतं. मग लेकीला उपदेश. एकीचा सल्ला घरातलं दुःख बाहेर नेऊ नको, पदराखाली झाक. दुसरी विचारते, झाकून झाकून काय मिळालं? बाईचा जन्म देवाने का घातला, हा प्रश्न तर गावोगाव, जातीजातीत, पुन्हा पुन्हा येतो. उत्तरं एकसारखी नाहीत. आणि म्हणूनच हा विचार खरा आहे. ठरीव शिकवण असती तर सगळ्यांनी एकच पाठ म्हटला असता.

या विचाराची सगळ्यात धीट जागा म्हणजे सीता. कथा-पुराणात सीतात्याग हा राजधर्माचा विषय होतो आणि पुराणिक तिथे रामाचा बचाव करतो. जात्यावरच्या ओव्या त्या बचावात पडतच नाहीत. त्यांना वनवासाची सीता दिसते. गरोदर, एकटी, बाळंतपणाला कुणी नाही, अंथरायला पाला, पोरांना घालायला वस्त्र नाही. बाळंतिणीला काय लागतं याची पूर्ण माहिती असलेल्या बायका ती कमतरता एकेक करून सांगतात. कोणत्या सासूने तिला हा सासुरवास दिला असेल, याचाही शोध घेतात. सीतेचा वनवास सगळ्या बायकांत थोडा थोडा वाटला गेला, अशी एक समजूत या ओव्यांत आढळते. दुःख आपल्या एकटीच्या नशिबाचं नसून बाईपणाच्या वाट्याचं आहे, या निष्कर्षापर्यंत या बाया पोथी न वाचता पोचल्या होत्या.

विठ्ठल-रखुमाईचंही तसंच. पंढरपूर हे माहेर, विठ्ठल बाप किंवा भाऊ, चंद्रभागा मायेची. पण रखुमाई रुसून वेगळी उभी आहे ही गोष्ट ओवी विसरत नाही. विठ्ठल जनाबाईकडे जातो, तुळशीला जवळ करतो, मग रखुमाईला काय वाटत असेल? जिला सवतीचं दुःख माहीत आहे तीच हा प्रश्न विचारू शकते. तुकोबांवरच्या ओव्यांतही बायकांचं लक्ष घराकडे जातं. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा संसार सांभाळणाऱ्या बायकोचं काय झालं, ती का गेली नाही? भक्ती पुरेपूर आहे, पण ती डोळे मिटून केलेली नाही.

कीर्तनकार जात्याची एक गोष्ट सांगतात. कबिराने फिरतं जातं पाहिलं आणि तो रडू लागला, की या दोन तळ्यांत सापडलेला एकही दाणा वाचत नाही. तेव्हा कुणी त्याला दाखवलं, की खिळ्याला धरून राहिलेले दाणे शाबूत आहेत. संसार म्हणजे जातं, खिळा म्हणजे ईश्वर. दृष्टांत सुरेख आहे, शतकानुशतकं लोकांना आधार देत आला आहे. पण तो बाजूला उभं राहून जात्याकडे पाहणाऱ्याचा दृष्टांत आहे. ओढणारीला तळीचं वजन सोसावं लागतं, आणि तिचा देव खिळ्यासारखा स्थिर राहून भागत नाही. त्याने येऊन खुंट्याला हात लावला पाहिजे.

जनाबाईचा देव असा आला. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी कामाला राहिली. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग सांगितले जातात. त्यांत विठ्ठल तिच्यासोबत दळतो, कांडतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो, तिची वेणीसुद्धा घालतो. महिपतींनी 1762 मध्ये 'भक्तविजय' लिहिला तेव्हा या कथा घराघरांत पोचल्या. अठ्ठावीस युगं विटेवर उभ्या असलेल्या देवाला जनीने जमिनीवर बसवलं आणि कामाला लावलं. दासीच्या कामात पवित्र असं काही नाही, ही जुनी समजूत तिने कोणाशी वाद न घालता मोडून काढली. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. आषाढी पौर्णिमेच्या काल्यासाठी तिथे जाणाऱ्या बाया खुंट्याला हात लावल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. ते जातं खरंच तिचं होतं का हे विचारायची त्यांना गरज वाटत नाही. ओढणं काय असतं हे त्यांना ठाऊक आहे.

या परंपरेची पुढची मोठी खूण खानदेशात आहे. जळगावजवळच्या असोद्याला 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. तिकडे जात्याला घरोट म्हणतात. घरोटावर, शेतात, चुलीपाशी त्या गाणी रचत गेल्या. तरुणपणीच वैधव्य आलं, भाऊबंदकी, प्लेग, दुष्काळ पाहिले. त्यांचा मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, आणि सोपानदेवांचा मावसभाऊ पितांबर यांनी ऐकता ऐकता काही गाणी उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. महाराष्ट्र थक्क झाला. निरक्षर शेतकरीण मनाविषयी, संसाराविषयी, जन्म-मरणाविषयी असं बोलते हा चमत्कार वाटला. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, यात वादच नाही. पण ज्या घरोटावर त्या बसल्या त्यावर त्यांच्या आईने, आजीने, शेजारणीने असंच चिंतन केलेलं होतं. त्यांच्या घरी लिहिता येणारा मुलगा होता. बाकीच्यांचं बोलणं पिठासोबत रोज संपून गेलं.

दळण हा पोटाचा धंदाही होता, हे सांगायला हवं. नवरा मेल्यावर लोकांचं दळण-कांडण करून पोरं वाढवली, हे वाक्य मराठी घरांच्या इतिहासात किती ठिकाणी येतं! शहरातल्या वाड्यांत, गावातल्या सधन घरांत पहाटे दळायला येणाऱ्या बाया असत आणि मोबदला बहुतेकदा धान्याच्या रूपाने मिळे. त्यांच्या ओव्यांत मालकिणीच्या जात्याची धार आणि आपल्या भाकरीची कोर दोन्ही येतात. विसाव्या शतकात शिकलेल्या मध्यमवर्गाने ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा या बाया बहुतेक गाळल्या गेल्या.

संकलकांचं ऋण तरीही मोठं. साने गुरुजींनी ममतेने ओव्या जमवून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलं. कमलाबाई देशपांडे यांनी 'अपौरुषेय वाङ्मय' या नावाखाली स्त्रीगीतांचा अभ्यास मांडला. दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याला शास्त्रीय चौकट दिली, सरोजिनी बाबरांनी खंडांमागून खंड काढले. हे झालं नसतं तर आज हाती फारसं काही उरलं नसतं. पण या पुस्तकांत ओव्या विषयवार लावलेल्या असतात. माहेर, भाऊ, सण, देव. गाणारीचं नाव बहुधा नसतं. लोकसाहित्याला कर्ता नसतो, या सिद्धान्ताखाली हजारो कर्त्या अनाम झाल्या.

हे बदललं ते गी पोयतवां आणि हेमा राईरकर यांच्यामुळे. पोयतवां जन्माने फ्रेंच, 1970 च्या दशकात भारतात आले आणि इथलेच झाले. या पती-पत्नींनी पुण्यात समाजशास्त्रीय संशोधनाचं सहकारी केंद्र उभं केलं आणि मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांसोबत बैठका सुरू केल्या. बायका आपल्या अडचणी सांगता सांगता ओवी म्हणत, आणि ओवीतून मुद्दा आणखी नेमका होई. तेव्हा त्या दोघांच्या लक्षात आलं, की हा वेगळा कलाप्रकार नाही, ही या बायकांची विचार करायची रीत आहे. मग गावातल्याच माणसांनी गावोगाव जाऊन ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली, पुढे 1990 च्या दशकात ध्वनिमुद्रण झालं. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका. हजारावर गावांतून तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. 2004 मध्ये पोयतवां गेले, काही वर्षांनी हेमाताई. 2017 पासून हा ठेवा 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, लोकांसमोर आणते आहे.

या संग्रहातला एक भाग तर मराठी विचारांच्या इतिहासात जायला हवा. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीत 1996 साली ध्वनिमुद्रण झालं. तिथल्या बायकांनी जात्यावरचा जुना साचा तसाच ठेवला, मोजून ओव्या म्हटल्या, पण मानाच्या जागी पुराणातल्या देवांऐवजी बाबासाहेब आले, रमाई आली, बुद्ध, धम्म आणि संघ आले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात जे धर्मांतर घडलं ते या बायकांनी भाषणांतून ऐकलं असेलच. पण घरात, अंधारात, रोजच्या कामात ते स्वतःचं करून घेतलं ते ओवीतून. धर्मांतर आतून कसं झालं याचा इतका जवळचा पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. आणि शिवाशिवीचा अपमान, शिक्षणाची आस, रमाईचे हाल हे सगळं त्याच दोन ओळींच्या मापात बसलं, ज्याची दखल आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने घेतली होती.

मग गिरणी आली. आधी ऑइल इंजिनवरची, फटफट आवाज करणारी, बाजाराच्या गावात. नंतर खेड्यांत वीज पोचली तशी गावातच. पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन रांगेत उभं राहायचं, दळणाचे पैसे मोजायचे आणि घरी यायचं. 1960 ते 1980 च्या दरम्यान महाराष्ट्रातली बहुतेक जाती भिंतीला टेकली. यात हळहळण्यासारखं काही नाही. पहाटेची ती मजुरी अमानुष होती. गरोदरपणात, बाळंतपणानंतर, तापात, उपाशीपोटी बायकांनी ती केली. गिरणीचं स्वागत सगळ्यात आधी ओव्या म्हणणाऱ्यांनीच केलं आणि ते योग्यच होतं.

गेला तो मोकळा वेळ आणि समोर बसलेली सोबतीण. लग्नात आजही घाणा भरतात. जात्याला हळद-कुंकू लावून हळकुंड-सुपारी बांधतात, पाच सवाष्णी खुंट्याला हात लावून मूठभर हळद दळतात. एखादी म्हातारी दोन ओव्या म्हणते, बाकीच्या मोबाईलवर चित्रण करतात, आणि पुढचा कार्यक्रम सुरू होतो. पारीच्या ध्वनिमुद्रणांत हा फरक ऐकू येतो. गाणाऱ्या थबकतात, आठवतात, एकमेकींना विचारतात. रोजच्या सरावात राहिलेली गोष्ट आता आठवणीतून काढावी लागते.

विद्यापीठांच्या मराठी विभागांत या ओव्या अजून लोकसाहित्याच्या पेपरात येतात. तत्त्वज्ञानाच्या पेपरात सहसा नाहीत. कर्म, दुःख, जन्म, नातं, मरण या प्रश्नांवर लाखभर वाक्यं जमलेली असताना हे चुकीचं आहे, आणि ते दुरुस्त करायला नवा शोध लागायला नको. आहे ते वाचायला हवं.

ज्यांनी रोज जात्यावर दळलं आहे त्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात, शेजारात, गावी अशी कुणी असेल तर तिच्याजवळ बसा. नुसतं 'ओवी म्हणा' म्हटलं तर ती लाजेल. तिला विचारा की भावाची कोणती म्हणायचीस, आई गेली तेव्हा काय म्हणालीस, सीतेची येते का. जे येईल ते फोनवर ध्वनिमुद्रित करा, आणि खाली तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव लिहायला विसरू नका.